मलकापुरात बनलेली विमानं

आम्ही तिघं एकत्र बसलो की विमान निम्मं होतं आणि किस्से दोन-चार जास्तीचे होतात! विमानं म्हणजे कॉम्प्युटरवरची. घरबसल्या विमान उडवायचे सिम्युलेटर असतात ना, त्यांच्यासाठी आम्ही जुनी विमानं बनवतो आणि इंटरनेटवर फुकट देऊन टाकतो. मी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवतो, म्हणून आकार माझ्याकडे. रंग संपतकडे. हा उसाच्या ट्रॉल्या आणि नंबरप्लेटा रंगवणारा पेंटर. आणि आमचे गुरू अण्णा. आयुष्यभर विमानं दुरुस्त केली, आता इथे कराडजवळ मलकापुरात असतात. दोघांचे आभार तोंडावर मानले तर शिव्या खाईन, म्हणून हे किस्से.

*

पहिलं विमान संपतकडे रंगवायला दिलं. पठ्ठ्यानं शेपटीवर झोकात लिहिलं, 'आईचा आशीर्वाद'!

आठवड्यात जर्मनीहून मेल आला. 'अक्षरं फार सुंदर आहेत. ही एअरलाइन कुठून कुठे जाते?'

"काय कळवू?" मी संपतला विचारलं.

"सांग की, फडापासनं कारखान्यापतोर!"

*

एका विमानाला जुन्या इंजिनाचा आवाज मिळेना. शेवटी इस्लामपूरजवळ मामांच्या गुऱ्हाळावर गेलो आणि तिथलं डिझेल इंजिन रेकॉर्ड करून आणलं. लोक खूश. 'अगदी अस्सल!' म्हणून कॉमेंटवर कॉमेंट.

अण्णांनी हेडफोन लावला, डोळे मिटले.

"आवाज झ्याक हाय. पर इमानाला गुळाचा वास का येतोय रं?"

*

अण्णांची आठवण म्हणजे लय अवघड प्रकरण. "को-पायलटची सीट डाव्या अंगाला फाटल्याली हुती. फाड." फाडली.

लगेच एकाची तक्रार आली, 'सीट फाटलेली आहे, कृपया दुरुस्त करावी.' मी वाचून दाखवली आणि अण्णा भडकलेच.

"चार वर्सं अर्ज केलं म्या त्या सीटसाठी! तवा कुनी दिली न्हाई, आन् ह्याला लगी पायजे व्हय!"

*

मग आमचं सगळ्यात मोठं काम. दोन इंजिनांचं मालवाहू विमान, अण्णांनी उमेदीची वर्षं ज्याच्यावर घालवली ते. दोन वर्षं खपलो. आणि एका दुपारी चालू लॅपटॉपवर मी पेलाभर ताक सांडलं! सगळं गेलं. कॉपी काढून ठेवायची राहिलीच होती.

अण्णा उठले. चप्पल घालून घरी गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आम्ही अर्धवट कामाच्या फाइलीसुद्धा लोकांना वाटायचो. म्हणून फोरमवर लिहिलं, 'कुणाकडे असतील तर द्या.' दुसऱ्या सकाळपर्यंत अकरा जणांनी विमान परत पाठवलं! ब्राझीलच्या एका आजोबांनी सोबत चिठ्ठी जोडली होती. 'चाक जरा वाकडं होतं. न विचारता सरळ केलं, माफ करा.'

संपतनं ती चिठ्ठी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. "आपुन वाटलं म्हून वाचलं, गड्या," एवढंच म्हणाला आणि अण्णांना सांगायला सायकल काढली.

*

ते विमान पुरं झालं त्या रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. "पहिलं उड्डाण तुमचं," म्हणून मी खुर्ची दिली.

अण्णा बसले. एकेक स्विच बघितला. डावं इंजिन सुरू केलं, मग उजवं. काटे स्थिर होईपर्यंत नजर हलली नाही. आणि खुर्चीवरून उठले.

"आवं अण्णा, उडवा की!" संपत म्हणाला.

"तू बस," अण्णा मला म्हणाले. "माजं काम हितवर."

टेबलाच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि अंगठा वर केला. मी कराडच्या धावपट्टीवरून उडालो, सांगलीवरून वळलो, कृष्णा धरून साताऱ्यापर्यंत जाऊन आलो. चांगला तासभर. संपतनं स्टूल सरकवलं, अण्णा बसले नाहीत. पाणी दिलं, घेतलं नाही.

"इमान यिऊ दे."

चाकं टेकली. इंजिनं बंद झाली. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, स्क्रीनवर विमानाचं नाक हळूच पुसलं, आणि संपतकडे हात केला.

"हं. आन आता पानी."