वाढवावी की वाढवू नये

आमच्या सौदीतल्या, यान्बूच्या शेजाऱ्यांनी आयुष्यात कधी काही बंद केलं नाही. ते वाढवायचे. दुकान वाढवतात, दिवा वाढवतात, एवढं आपल्यालाही ठाऊक असतं. पण हे मिरजेचे गृहस्थ टीव्ही वाढवायचे, नळ वाढवायचे, बोलणं संपलं की "बरं, फोन वाढवतो" म्हणायचे. एकदा त्यांच्याकडे मी एसीनं गारठून बसलो होतो. "अगं, जरा वाढव तो," असं ते बायकोला म्हणाले तेव्हा मी घाबरून शाल मागितली, आणि एसी मुकाट झाला. "बंद म्हणू नये," त्यांनी मला समजावलं. "बंद म्हटलं की बंदच पडतं. वाढवलेलं सकाळी पुन्हा उघडता येतं." वर्षभरात सगळी वसाहत त्यांचीच भाषा बोलायला लागली.

दुसरं वेड नियमांचं. आम्ही बारा मराठी घरं मिळून चौथीपर्यंतची एक शाळा चालवायचो. भाड्याच्या दोन खोल्या आणि एक बाई. शाळेचे नियम अर्थातच त्यांनी लिहिलेले. शाळेनं दोन महिन्यांच्या फीपेक्षा जास्त कर्ज काढायचं नाही. ती मर्यादा वाढवायची तर घरटी एक गुप्त मत. आणि एक प्रश्न वर्षातून एकदाच मताला टाकायचा. आम्ही हसून सह्या केल्या होत्या.

मग आखातात युद्ध आलं. आमचा किनारा तसा लांब, तरी खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लागल्या आणि निम्म्या बायकामुलांनी गाव गाठलं. माझी गेली, त्यांचीही गेली. शेजारी एकट्या माणसाचं एक ताट घासल्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू यायचा, आणि माझा त्यांना येत असणार. मुलं घटली, फी घटली, आणि मालक वर्षाचं भाडं आगाऊ मागू लागला. रत्नागिरीकडचे एक व्यापारी कर्ज द्यायला तयार होते, पण मर्यादा आडवी येत होती. त्यातच शेजाऱ्यांच्या बायकोचं पत्र आलं : शाळा चालू राहिली तर आम्ही परत येऊ, नाहीतर पोरीचं नाव इथेच घालते. ते पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं.

शुक्रवारी खजुराच्या रिकाम्या डब्यात मतदान झालं. आधी ते कर्जमर्यादेवर अर्धा तास बोलले, पण आमचे कान रेडिओवरच्या बातम्यांकडे. चिठ्ठीवर मात्र त्यांनी कागद वाचवून एवढंच लिहिलं होतं : शाळेबाबत – वाढवावी / वाढवू नये. शाळा वाढवायची? या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ एकच! शाळेवर आमचा सगळ्यांचा जीव. बारापैकी अकरा चिठ्ठ्या 'वाढवू नये' निघाल्या. त्यात एक माझी होती. "म्हणजे कर्जाची मर्यादा आहे तीच राहिली," ते म्हणाले.

"अहो, आम्हाला वाटलं, तुम्ही शाळाच वाढवताय!" मी ओरडलो. "पुन्हा घ्या मतदान."

"वर्षातून एकदाच," ते म्हणाले.

"नियम तुमचाच आहे ना? मग बदला!"

"दुसऱ्या कुणाची पोर असती तर बदलला असता."

मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही थोडा आहे.

मालकानं खोल्या दुसऱ्याला दिल्या. त्या संध्याकाळी मिरजेला फोन लावताना त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "ऐकतेस ना?" ते म्हणाले. "शाळा बंद झाली."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. पलीकडचं बोलणं संपलं तरी ते फोन कानाला लावूनच बसले होते. शेवटी मीच तो त्यांच्या हातातून घेतला आणि वाढवला.