तबला येण्याआधीची दहा मिनिटं

कादरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या आमच्या क्लासमध्ये रविवारच्या चाचणीवर देखरेख करीत होतो. फोन एका जुन्या विद्यार्थिनीचा होता; ती आता नांदेडला डॉक्टर आहे. "सर, आपले कादर सर गेले... काल दुपारी. दफनही झालं," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि उरलेला पाऊण तास पोरांच्या मागं फेऱ्या मारत राहिलो. चाचणी थांबवावी, निदान खुर्चीवर बसावं, असं काही सुचलंच नाही. इतक्या वर्षांत आपण कसले होऊन बसलो, ते अशा वेळी कळतं.

अब्दुल कादर मूळचे नांदेडचे, शिलाईकाम करणाऱ्या घरातले. मी लोह्याचा. ते फिजिक्स शिकवायचे, मी केमिस्ट्री. लातूरला क्लासचं पीक नुकतंच फुटत होतं तेव्हा आम्ही दोघांनी भुसार दुकानामागचा पत्र्याचा हॉल भाड्यानं घेतला आणि सकाळी सहाची बॅच सुरू केली. कादरभाई तेव्हा फार मिश्कील. डुलक्या घेणाऱ्या पोराजवळ जाऊन हळूच म्हणायचे, "झोप बाबा, न्यूटनलाबी सफरचंद पडल्यावरच जाग आली." हॉलभर हशा पिकायचा आणि झोपणारा दिवसभर जागा राहायचा.

मग भूकंप झाला. त्यांची धाकटी बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिलेली होती. दगडमातीचं घर होतं. बहीण आणि तिची दोन लेकरं, तिघांचेही मृतदेह कादरभाईंनी आपल्या हातांनी ढिगाऱ्यातून बाहेर काढले. तीनेक आठवड्यांनी ते क्लासवर परत आले ते दुसरेच होऊन. पहिल्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलून दाराच्या तोंडाशी नेऊन ठेवली, ती पुढं कायम तिथंच राहिली. न्यूटन बंद झाला. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा अंमल सकाळी उतरत नसे. सहाच्या बॅचला ते खडू हातात धरून फळ्यासमोर नुसते उभे राहायचे... चार मिनिटं, पाच मिनिटं. पोरं माझ्याकडं बघायची, मी रजिस्टरात बघायचो.

एका सकाळी ते काखेत टेप घेऊन आले. कुणाला काही न सांगता टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. सतार होती. गाढवाला गुळाची चव काय, तशी मला संगीताची. पण कादरभाईंच्या तोंडाकडं मी बघत होतो. तार हळूहळू बोलत गेली तसे त्यांचे खांदे सैल झाले. दहा मिनिटांनी त्यांनी टेप बंद केला, खडू घेतला आणि भूकंपानंतर पहिल्यांदा सलग तासभर शिकवलं. त्या दिवसापासून रोज हेच. शाली पांघरून बसलेली पोरंही त्या दहा मिनिटांत गप्प असायची. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मला वाटलं, आपणही काही करावं. म्हणून मी एक झकास कॅसेट आणली, जोरात वाजवलेली. सतार त्यांनी ऐकली, पण तबला सुरू झाला तसे ते उठले आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. नंतर म्हणाले, "माधवराव, ठेका धरला की पायाखालचं हलल्यावानी वाटतं. नुसती तार असू द्या." त्यांनी एका दुकानदाराकडून निरनिराळ्या कॅसेटमधले फक्त सुरुवातीचे आलाप एका कॅसेटवर भरून घेतले होते. तबला येणार येणार असं वाटायचं आणि खट्‌कन पुढचा आलाप सुरू व्हायचा. त्या काळातल्या आमच्या पोरांना सतारीबरोबर तबला असतो हे बहुधा नंतरच कळलं असेल.

असं दीड वर्ष चाललं. तोवर समोरच्या गल्लीत नवा क्लास निघाला, साडेपाचला सुरू होणारा. पालक घड्याळ लावून हिंडू लागले. बिलोलीकडचे एक गृहस्थ पोराला सोडायला आले, दारात उभं राहून त्यांनी सतार ऐकली आणि सगळ्यांदेखत विचारलं, की पोरगं डॉक्टर व्हायला घातलंय का गाणं शिकायला? पोरगं महिनाअखेर समोर गेलं. त्याच्या मागं आणखी दोघं गेले. माझं डोकं फिरलं. त्या दुपारी मी कादरभाईंना म्हणालो, की टेपात पोरांचा वेळ जातोय.

ते म्हणाले, "पोरांसाठी न्हाई लावत मी. माझ्यासाठी लावून राहिलो. सकाळी डोक्यात माती भरल्यावानी होतं. तार वाजली की जरा मोकळं होतं."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दीड वर्ष मी ते रोज बघत होतो. त्यांच्या घरी एकच खोली होती आणि पहाटे तिथं त्यांची दोन लहान लेकरं झोपलेली असत, हेही ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "मग घरी ऐकून येत जा."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी टेप आला नाही. खडू हातात धरून उभं राहणं पुन्हा सुरू झालं. पोरं आता कुजबुजू लागली होती. वर्ष संपायच्या आत त्यांनी स्वतःच सांगितलं, नांदेडला एका शाळेत जागा हाय, जातो. मी थांबा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पत्र्याच्या हॉलचे पुढं चार मजले झाले. लग्नाकार्यात आम्ही भेटायचो, ते माझ्या मुलांची चौकशी करायचे, वजन कमी करा म्हणून दटावायचे. नांदेडच्या एस.टी.त बसलो की मी दर वेळी ठरवायचो, आज विषय काढायचा. अर्धापूरच्या केळीवर, नाहीतर निकालावर बोलून परत यायचो.

ते गेल्यावर आठव्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. भाभी बालवाडीच्या बाई होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांनी चहा दिला, खिडकीतला टेप लावला आणि समोर बसल्या. कॅसेट तीच, कितीदा भरून घेतली असेल कोण जाणे. दहा मिनिटं आम्ही दोघं ऐकत राहिलो. मला संगीतातलं अजूनही काही कळत नाही, पण त्या दिवशी मला तिथं बसवेना.

टेप थांबल्यावर भाभी म्हणाल्या, "शेवटपर्यंत सकाळी हेच लागायचं त्यांना. सांगायचे, माधवरावांनी मला लई सांभाळलं. दुसरा कोणी असता तर वर्गात वाजवू दिलं नसतं."

म्हणजे इतकी वर्षं त्यांनी घरात फक्त ते दीड वर्ष सांगितलं होतं. पुढचं सांगितलंच नाही. भाभींनी माझ्याकडं अशा मायेनं बघितलं की मी "हो" म्हणालो. चहा संपवला, चप्पल घातली आणि निघून आलो.

वर्तमानपत्राची ही पुरवणी भाभी रविवारी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. समोर बसून जमलं नाही, म्हणून इथं लिहितो. भाभी, वर्गातला टेप मीच बंद करायला लावला होता.