भट्टीतून निघालेली थंड घागर

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही, त्याची आधी माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. तुमच्या पानावर लोकांचे अनुभव येतात ते मी वाचते – आणि खरं सांगू, बरेचदा हसते. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला रोजची वाट सापडत नाही... मला वाटायचं, यांना कामं नाहीत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आता आहे का, ते मलाच कळत नाही. पण पोटात राहत नाही म्हणून लिहिते. घरात दाखवलेलं नाही, नाव छापू नका.

आमचं गाव पूर्णा तालुक्यात, चुडाव्याच्या स्टेशनापासून चालत जाण्याइतकं. आम्ही कुंभार. आधी आवा लावून मडकी भाजायचो – गोवऱ्या, तुराट्या, वरून राख. पण धुरानं मालकांची छाती भरायला लागली, खोकून खोकून रात्र जायची. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितला. म्हणून नांदेडहून वापरलेली विजेची भट्टी आणली. पैसे दिले माझ्या मोठ्या नणंदेनं, आक्कानं. ती पूर्णेला राहते, शिवणकाम करून साठवलेले पैसे होते तिचे.

पहिल्याच खेपेला घात झाला. आव्याची आच आपली आपण हळू चढते. विजेच्या भट्टीचं बटण दाबलं की आच धावतच येते, हे मला ठाऊक नव्हतं. मडकी आतून ओली होती. एकेक फुटायला लागलं, आतली तारसुद्धा तुटली. आक्का बघायला आली आणि दारातूनच म्हणाली, "म्या भट्टीला पैसे दिले व्हते, फटाक्याला न्हाई!"

मी खाली मान घालून तुकडे गोळा केले. मला तिच्यासमोर बोलताच येत नाही. पण मनात पक्कं केलं – अक्षय्य तृतीयेचा माल नीट निघाला तर तिचे राहिलेले पैसे देऊन टाकायचे. नाही निघाला तर भट्टी विकायची आणि मालकांनी पुन्हा धुरात बसायचं. मधला रस्ता नव्हता.

भट्टीची तार बदलून घेतली आणि अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाणी भरून ठेवतात त्या लहान घागरी केल्या. ऊन इतकं की एका दिवसात तडकल्या असत्या, म्हणून सावलीत, वर ओली पोती टाकून, रोज उलट्या-सुलट्या करत वाळवल्या. मग एकेक गालाला लावून पाहिली. आत पाणी असेल तर घागर गालाला गार लागते, वाळली असेल तर लागत नाही. हे मला आईनं शिकवलंय.

सगळ्या वाळल्या होत्या. एक गार होती.

ती पत्र्यावर उन्हात ठेवली. संध्याकाळी पत्र्याला हात लावता येईना – आणि घागर गारच! किराणा दुकानातल्या काट्यावर दुसऱ्या घागरीबरोबर तोलली, वजन सारखं. म्हणजे पाणी नव्हतंच आत.

आक्का मदतीला आली होती. म्हणाली, "येडी झालीस का? गालाला काय कळतंय? आन इकडं." तिनं घागर गालाला लावली आणि डोळेच मोठे केले. "आगं बया... बर्फ हाय की!"

मी काढून घ्यायला लागले तर देईना. "थांब गं, दाढ दुखायलीय माझी. लय बरं वाटायलंय."

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. मी म्हणाले, ही नको भट्टीत घालायला. आक्का म्हणाली, "वजन सारखं हाय ना? मंग घाल. एकेका घागरीचे पैसे लागायलेत तुला." मग ती भट्टीतच कोपऱ्यात ठेवली.

सकाळी रबरी चप्पल घालून बटण दाबलं. आच अगदी कमी, झाकण विटेच्या तुकड्यावर जरा उचललेलं, म्हणजे वाफ निघून जाईल. भट्टीला आत बघायचं भोक असतं, तिथं मालकांचा दाढीचा आरसा धरला. आरशावर वाफ धरली तर आत ओल आहे, आरसा कोरडा राहिला तर आच वाढवायची.

आरसा पांढरा झाला. पुसला, पुन्हा धरला, पुन्हा पांढरा. दुपार झाली तरी तेच! भोकातून पाण्याचा ओघळ भट्टीच्या भिंतीवरून खाली आला. वाळलेल्या मातीत इतकं पाणी कुठून? आक्का घाई करायला लागली. "वाढीव की आता! सण आपल्यासाठी थांबतोय का? उद्या दिवसभर थंड व्हायला लागंल, परवा बाजार हाय."

पण पहिल्यांदाच तिला म्हणाले, "न्हाई आक्का. आरसा कोरडा झाल्याबगर मी हात लावणार न्हाई."

उन्हं कलली आणि एकदम – पुन्हा धरला तर – आरसा कोरडा. मग मी झाकण लावलं, आच चढवली. भोकातून आत लालभडक दिसेपर्यंत तिथून हलले नाही. आतून एकही आवाज आला नाही.

दुसरा दिवस भट्टी बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी पहाटे उघडली... सगळ्या घागरी शाबूत! लाल, खणखणीत, हाताला कोमट. मी आनंदानं ओरडलेच. आणि कोपऱ्यातलीला हात लावला तर ती गार. उचलली तर जड.

आत पाणी होतं. गळ्यापर्यंत. स्वच्छ.

लोखंड लाल होईल इतक्या आचेतून निघालेल्या घागरीत पाणी! आक्का माझा दंड धरून कुजबुजली, "पिऊ नको गं बाई! आधी हळद-कुंकू आन." आम्ही घागर अलगद खाली ठेवली आणि दोघीही घरात पळालो. कुंकवाचा करंडा सापडेना, शोधण्यात बराच वेळ गेला. आक्का म्हणाली, कुणाला बोलायचं न्हाई, न्हाईतर लोक भट्टीलाच नारळ फोडतील अन् तुझं काम बंद पडंल.

परत आलो तर भट्टी रिकामी. मालक सगळा माल घेऊन पूर्णेच्या ऑटोत बसून गेले होते. आम्ही घागर गळते का बघायला नेहमीच पाणी भरून ठेवतो. त्यांना तेच वाटलं असणार. पाणी ओतून दिलं होतं. जमीन ओली होती.

आम्ही पुढचा ऑटो धरला. बाजारात मालकांपुढं गर्दी, अर्धा माल संपलेला. आम्ही दोघी खाली बसलो आणि उरलेल्या घागरी एकेक गालाला लावायला लागलो. मालक चिडले, "काय करायल्या ह्या बाया? गिऱ्हाईक हसायलंय!" एका म्हातारीनं विचारलं, असं कामून करायल्या? आक्कानं ठोकून दिलं, "पक्की भाजली का बघायलो, मावशी." मग काय, म्हातारीनंही लावली, तिच्या सुनेनंही लावली, आणि दुपारपर्यंत एकही घागर राहिली नाही.

थंड घागर मात्र सापडली नाही. कुणाच्या पितरांपुढं गेली, ठाऊक नाही. त्यानंतर कितीतरी खेपा भाजल्या, तसं पुन्हा झालं नाही. भट्टी दुरुस्त करणाऱ्याला आडून विचारलं, आत पाणी राहू शकतं का? तो म्हणाला, "बाई, उन्हात जास्त बसू नका." आक्काची दाढ त्यानंतर दुखली नाही, पण ती म्हणते, लवंग धरली होती. आम्ही दोघींनी पाणी डोळ्यांनी पाहिलं, बोटानं हलवलं. काय होतं, मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर लिहा.

त्या दुपारी बाजारातच, रिकाम्या पोत्यावर बसून, मी आक्काच्या हातात तिचे राहिलेले पैसे दिले. तिनं मोजले, पुन्हा मोजले. एक नोट माझ्याकडे सरकवून म्हणाली, "ही राहू दे, त्या घागरीची." मी ती परत तिच्या मुठीत दाबली आणि म्हणाले, "न्हाई आक्का. सगळे घ्या."

तिनं सगळे घेतले.