कानावरचं काम

मोठा सायलेन्सर बसवल्यापासून आमच्या द्राक्षबागेतली जाड टायरांची छोटी चारचाकी, एटीव्ही, चढावर अडखळायची. सिन्नर फाट्यावरचे मेकॅनिक मामा कार्बोरेटर खोलून पेट्रोल किती सुटेल ते ठरवणारं बारीक भोकाचं जेट बदलत आणि डोळे मिटून इंजिन ऐकत. मध्ये कोणी बोललं की बोट वर करत, “थांबा, ती बोलतीये.”

परवा जेट बदलून ते म्हणाले, “झाली बघा.” गाडी अजून फटफटत होती. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी प्लग काढला. तो पांढराफटक पडला होता, म्हणजे पेट्रोल कमीच पडत होतं. प्लग परत बसवून त्यांनी पाना खाली ठेवला.

“भाऊ, मला आता नीट ऐकू येत नाय. दुसऱ्याला दाखवा.”

गाडी टेम्पोत चढवायला त्यांनीच खांदा लावला. निघताना मी ओरडून “येतो मामा” म्हणालो, आणि माझाच आवाज मला नको वाटला.