औषधशेठची आंघोळ

आमच्या एकोडी गावचा औषधशेठ कीटकनाशकाच्या डब्याचं झाकण दातांनी उघडायचा. गिऱ्हाईक बिचकलं की म्हणायचा, "औषध आहे हे, जहर नाही. किडा मरते, मानूस नाही मरत." डब्यावरची कवटी त्याच्या मते कंपनीवाल्यांचा शौक होता. दुकानात डोळे झोंबायचे आणि हा पांढऱ्याशुभ्र धोतरात बसून तिथंच भजी खायचा.

एका साली धानावर तुडतुडे पडले. माझ्या धानाच्या बांधीत माझा गडी सुखदेव औषध फवारत होता. पंप गळून त्याची पाठ भिजली. दुपारपर्यंत त्याला दरदरून घाम फुटला, तोंडातून लाळ गळू लागली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. त्याला बैलबंडीत घालून साकोलीच्या दवाखान्यात निघालो, तर शेठ दुकानातून ओरडला, "प्याला असन! लिंबू चाटवा त्याले."

साकोलीचे डॉक्टर माझ्यावरच उखडले. "ओल्या कपड्यांतच आणलंत? वाटभर विष कातडीतून आत जात होतं. आधी कपडे काढायचे, साबणपाण्यानं धुवायचं, मग निघायचं." इंजेक्शनं देऊन त्यांनी सुखदेवला वाचवलं. परतल्यावर मी शेठला हे सांगितलं. तो पोट धरून हसला. "आंघोळीनं बिमारी जाते, तं दवाखाने कायले बांधले?"

पुढच्या साली ऐन बाजाराच्या दिवशी वरच्या फळीवरचा डबा फुटला आणि शेठ खांद्यापासून भिजला. त्यानं सोग्यानं तोंड पुसलं आणि विक्री चालू ठेवली. मी पोचलो तेव्हा तो खांबाला धरून लटपटत होता, लाळ सदऱ्यावर. "शेठ आज दिवसाच प्यायले बसले वाटते," कुणीतरी हसलं. मी त्याच्या टाचणीएवढ्या बाहुल्या पाहिल्या आणि शेठाणीला हाक मारून आधी कपडे काढायला सांगितलं.

बाईनं खताच्या पिशव्यांचं प्लास्टिक हातांना गुंडाळलं आणि थेट सदऱ्यालाच हात घातला.

"बजारात मले उघडा करून राहिली का?" शेठ धोतर धरून किंचाळला.

"जीव गेल्यावर धोतर कोनाले दाखवता? सोडा!"

धोतर सुटलं. भर बाजारात, विहिरीच्या काठापासून दूर, शेठला साबण लागला. मी बादल्या ओढत होतो, सुखदेव पाणी ओतत होता. मग चादरीत गुंडाळून त्याला साकोलीला नेलं.

शेठ वाचला. आभार कुणाचेच मानले नाहीत. उलट कपडे काढायची गरजच नव्हती, असं मरेपर्यंत सांगत राहिला. शेवटी मुलाकडे नागपूरला गेला आणि तिथंच वारला. पण अजूनही एकोडीत कुणाच्या अंगावर औषध सांडलं की शेताच्या धुऱ्यावरून आरोळी उठते, "पहिले याचा शेठ करा रे!"