उठवायचं राहून गेलेला गडी

हे वाचून तुम्ही हसाल. हसा... मीही हसलोच असतो. अंगात येणं, झपाटणं असला विषय निघाला की उठून जाणाऱ्यांतला मी. पण मलकापूरच्या आमच्या शाळेच्या मैदानावर भर उन्हात जे पाहिलं, त्याची भीती अजून गेलेली नाही.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा. धामणगाव बढ्याचा युसूफ आणि मी एकाच बोर्डिंगात, एकाच हुतुतूच्या संघात. तो कप्तान. नियम तुम्हाला ठाऊक असेलच — ज्याला समोरचा शिवला तो 'मेला', त्यानं रेषेबाहेर जाऊन बसायचं. आपल्या गड्यानं समोरचा एक मारला की आपल्या मेलेल्यांतला एक 'उठतो'.

युसूफचं त्या वर्षी काहीतरी बिनसलं होतं. झोप नाही, सामन्याआधी उलट्या, पुस्तक उघडलं की अक्षरं दिसेनात. छातीवर कोणी बसून राहतं, असं मला सांगायचा. ड्रिल मास्तर म्हणायचे, नाटकं आहेत. मेहकरच्या संघाशी शेवटचा सामना होता. त्या सकाळी मास्तरांनी सगळ्यांदेखत बजावलं, "हरलास तर तुझं तोंड पाहणार नाही."

युसूफ सुरुवातीलाच मेला. आम्हाला त्याला उठवता आलं नाही, तेवढ्यात खेळ संपला. हरलो.

सगळे निघून गेले, हा तिथंच बसलेला. मी म्हटलं, चाल बे, जेवाले.

"मले उठवलं कुठं कोनी?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "मी मेलेलाच हाय."

मला हसू आलं. हात धरून ओढायला गेलो... चैतातलं ऊन, मैदान तापलेलं, आणि हात थंडगार! पापणीसुद्धा लवत नव्हती. मास्तर धावत आले, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी एक मनगट धरलं, मग दुसरं, मग गळ्याला बोटं लावली. नाडी लागेना. आणि युसूफ त्यांच्याशी बोलत होता! डॉक्टर आमच्याकडे न बघताच बॅग उचलून गेले.

मास्तर तर पार गळाले होते. मेहकरची पोरं फाटकाशी मोटारीची वाट बघत होती. मीच म्हटलं, त्यांना एक डाव खेळायला सांगा. ती हसत हसत उभी राहिली. मी दम धरून घुसलो. हाताशी आला तो जानेफळचा गणपत — उंच, हसतमुख पोरगा. त्याला शिवून परतलो. मास्तर कसेबसे म्हणाले, "युसूफ, ऊठ."

बुडणारा माणूस वर आल्यावर ओढतो, तसा युसूफनं श्वास ओढला. मग ढसाढसा रडला. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. गणपत रेषेबाहेर बसून होता. त्याच्या सोबत्यांनी थट्टा करत त्याला उचलून मोटारीत टाकलं. मी ओरडत मागं धावलो... मोटार गेली.

काही दिवसांनी मेहकरच्या कप्तानाचा निरोप आला. गणपत बोलतो, पण जागचा उठत नाही. म्हणतो, माझं उठवायचं राहिलं. युसूफनं ते ऐकलं आणि म्हणाला, चाल.

जानेफळला गणपतच्या अंगणात आम्ही रेष ओढली. युसूफ समोरच्या बाजूला एकटा जाऊन उभा राहिला, मरायला. मेहकरच्या कप्तानानं दम धरला, तोच गणपतनं हात वर केला.

"खेळू नका," तो म्हणाला. "मी उठलो तं हा मरीन."

युसूफ त्याच्या पाया पडला, विनवण्या केल्या. गणपत नुसती मान हलवत राहिला.

पेरणीच्या आधीच गणपत गेला. युसूफ आहे, नातवंडांत रमलाय. बोलत्या माणसाची नाडी का लागली नाही, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. खरं सांगतो, आता कोणी देऊ लागलं तरी मला ते ऐकायची भीती वाटते.