बारा वाजेपर्यंतचा निळा

विमलताईंना मी शेवटची भेटले ती दवाखान्यात. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. धाप लागत असल्यानं त्यांना फार बोलवत नव्हतं. मी घरून पेज नेली होती, तिचे दोन-तीन चमचे त्यांनी माझ्या समाधानासाठी घेतले, वाटी बाजूला सारली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हा हिरवा कोणं निवडला असंल व? माणूस आधीच पिवळं पडून येते इथं. त्यात अशा भिंतीपाशी झोपवलं तं भेटाले येनाऱ्याले वाटते, आता काई खरं नाई." मला हसू आलं, शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "जवस टाकला ना?" मी हो म्हटलं. "मागच्या भितीपाशी?" मी पुन्हा हो म्हटलं, मागच्या भिंतीपाशीच. "बरं," म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्याच आठवड्यात त्या गेल्या. नातं सांगायचं तर त्या माझ्या मोठ्या नणंद. पण नणंद म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात जे काही येतं, त्यातलं काहीच त्यांना लागू नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला आले ती चौऱ्याहत्तर साली. मी नागपूरची, म्हणजे माझ्या मते मोठ्या शहराची. आमच्या क्वार्टरपुढे डेलिया होते, क्रोटन होते, आणि वडील ऑफिसातून आले की आधी कुंड्यांशी बोलायचे, मग आमच्याशी. सासरी आले तर घरामागे हे एवढं मोठं परस, काठाशी विहीर, आणि त्यात बघावं तिकडे वांगी, भेंडी, मेथी! फूल म्हणून एक नाही. कारण माझे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत. शेती नाचणगावला, स्वतः प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर, अंगावर जन्मभर खादी, आणि रोज सकाळी मागच्या ओसरीवर बसून सूत काढायचा नेम. विहीर उन्हाळ्यात तळाला जायची, त्यामुळे त्यांनी घराला एक कायदा घालून दिला होता... जे पोटात जात नाई, त्याले पानी नाई. देवालाही ते तुळशीवरच भागवायचे. मी माहेराहून हौसेनं गुलाबाच्या कुंड्या आणल्या तेव्हा आबांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारून शांतपणे विचारलं, "हे खाता येते का?" स्वयंपाकघरातून विमलताईंचा आवाज आला, "गुलकंद होते, आबा." आबा म्हणाले, "मंग करा." आम्ही खरोखरच केला. जेमतेम लहानशी वाटी भरली. आबांनी बोटावर घेऊन चाखला, मान हलवली आणि त्या कुंड्यांचं पाणी मंजूर झालं. त्या घरात मी पहिल्यांदा मोकळी हसले ती त्या दिवशी.

विमलताई वर्ध्याला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न झालं नव्हतं, ते का झालं नाही हा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही विचारला नाही. पण दुसरी एक गोष्ट त्यांनी मला लवकरच सांगितली. शाळा संपल्यावर त्यांना नागपूरला जाऊन चित्रकला शिकायची होती, रीतसर, रंगात. आबांनी नाही म्हटलं. चित्रं काढून कोणाचं पोट भरलं, असं त्यांचं म्हणणं. शिक्षिका होता येईल एवढी परीक्षा देऊ दिली, कारण ती नोकरी होती. त्यानंतर बापलेकीत भांडण झालं नाही, अबोलाही नाही, फक्त रंग हा शब्द दोघांच्या बोलण्यात कधी आला नाही. शाळेतून आल्यावर त्या परसात उतरायच्या, आणि आबांच्या कायद्याच्या आत राहून, खाण्याच्याच गोष्टींनी, जे करायचं ते करायच्या. लाल माठाचा वाफा मेथीला खेटून असायचा, कारण लाल एकटा असला की नुसता तांबूस दिसतो, हिरव्यापाशी आला की पेटतो. अंबाडीच्या लाल देठांची रांग त्यांनी सकाळच्या उन्हाच्या बाजूला धरली होती, म्हणजे ऊन तिच्यातून आरपार यावं. आम्ही त्याच अंबाडीची भाजी भाकरीबरोबर खात होतो, आणि ती तिथं का आहे हे मला कित्येक महिने कळलं नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात त्या मला गिरडला घेऊन गेल्या. मला वाटलं दर्ग्याला चाललो आहोत. पहिल्या एस.टी.नं निघालो, टेकडी चढलो, दर्शन झालं, आणि मग त्यांनी मला कडेला नेऊन उभं केलं. खाली शेतंच शेतं. "डोळे बारीक कर. पीक नको पाहू, रंग पाह्य." मी डोळे बारीक केले. गहू गेला, हरभरा गेला, राहिले ते नुसते तुकडे. एका जागी निळा तुकडा होता, जवसाचा, इतका निळा की तिथं तळं आहे असं मला वाटलं. "किती दूर आहे सांग तो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पिवळ्या मोहरीच्या पार मागे. "मागं नाई, बाजूलेच आहे. निळा मागं सरकते, पिवळा पुढं येते. आपलं परस लहान आहे ना... भितीपाशी निळा टाकला तं भीत दूर जाईन." येताना एस.टी.त मला खिडकी दिली होती, पण त्या माझ्यावरून वाकून बाहेरच बघत होत्या.

पुढच्या वर्षी त्यांनी आबांना विचारलं. जवस पोटात जातो, त्याची चटणी आबांना स्वतःलाच आवडायची, तेव्हा नाही म्हणायला जागा नव्हती. भिंतीलगत जवस, त्याच्या पुढे दोन्ही अंगांना मोहरी, आणि कुंपणाला करडई... तिच्या काट्यांमुळे बकऱ्या आत शिरत नाहीत, आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावतात तशी. संक्रांतीच्या आठवड्यात जवस फुलला. संक्रांतीचं हळदीकुंकू माझं होतं, नव्या सुनेचं, पण ताईंनी आपल्या शाळेतल्या सगळ्या बायका बोलावल्या, मोठ्या बाईंसकट. शाळेच्या नव्या इमारतीपुढची जागा उघडीच पडली होती, आणि ती आपल्याला करायला मिळावी असं त्यांच्या मनात होतं. त्याहून खोल असं दुसरंही काही मनात होतं, ते त्या बोलल्या नाहीत, मला मात्र दिसत होतं. चार बाहेरच्या माणसांनी आपल्या अंगणात उभं राहून वा म्हणावं, आणि ते ओसरीवर बसलेल्या बापाच्या कानावर जावं.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी मी मागे गेले आणि उभीच राहिले. भिंत खरंच नव्हती. मोहरीच्या पिवळ्यामधून निळं कुठल्या कुठे निघून गेलं होतं. ताई रांगोळीही दोन रंगांत आवरती घेऊन मोकळ्या झाल्या, म्हणाल्या, आज पुढच्या दाराले कोनी पाह्यनार नाई. मग आम्ही तिळगुळात, वाणात, डाळ वाटण्यात बुडून गेलो. ऊन कललं तशा बायका यायला लागल्या. हळदीकुंकू लावून झाल्यावर ताई सगळ्यांना मागच्या दारानं परसात घेऊन गेल्या, आणि तिथं भिंतीपाशी हिरव्या काड्या उभ्या होत्या. नुसत्या काड्या. खाली मातीवर निळ्या पाकळ्यांचा सडा, तोही सुकून करडा झालेला. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की गळतं, दुसऱ्या दिवशी नवीन येतं. आमच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जवस पेरत आली, पण शेतावर जायचं ते सकाळी, आणि दुपारनंतर जवसाकडे कौतुकानं बघायला कोण जातं? त्या आठवड्यात ताई शाळेतून यायच्या तेव्हा दिवेलागण झालेली असायची, आणि मी वाण आणायला माहेरी गेले होते ती आदल्या संध्याकाळी परतले होते. बायका चांगल्या होत्या. एकजण म्हणाली, "अगोबाई, जवस का? आमच्या शेतातही असते." मोठ्या बाईंनी मोहरीचं कौतुक केलं. ताई हसून सगळ्यांशी बोलल्या, सगळ्यांना दारापर्यंत पोचवून आल्या, आणि मग विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या. सासूबाई दिवसभर घरात असायच्या, त्यांना हे सगळं माहीत होतं. "बारा वाजले का जवस झडतेच," त्या म्हणाल्या, "मले वाटलं तुले ठाऊक आहे. येवढी शिकेल तू." मला ताईंसाठी फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे चरखा घेऊन ओसरीवर बसले होते. ताई चहा घेऊन गेल्या. मी दारात होते. आबांनी सूत काढता काढताच, वर न बघता म्हटलं, "तुह्या मोठ्या बाईले सकाळी बोलाव. संध्याकाळी काय दिसते त्यात?" ताई थबकल्या. मग तेच पुढे म्हणाले, "नऊच्या सुमाराले बरा दिसते. तवा ऊन त्या अंगानं येते." एवढं बोलून त्यांनी चहा घेतला. म्हणजे हा माणूस रोज बघत होता... नुसता बघत नव्हता, कुठल्या वेळी चांगला दिसतो ते हेरून बसला होता. ताई स्वयंपाकघरात आल्या, चुलीपाशी बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आणि रडता रडताच मला म्हणाल्या, "पाह्यलं का? वेळसुद्धा सांगते बाप्पा." मोठ्या बाई त्या रविवारी सकाळी आल्या. शाळेपुढची जागा ताईंना मिळाली, पण तोवर त्या बातमीचं महत्त्व जरा कमी झालं होतं.

त्या चुकीपासून ताई रंगाबरोबर घड्याळही लावायला लागल्या. ओसरीला लागून, जिथे आम्ही तिन्हीसांजेला बसायचो, तिथे त्यांनी धने आणि मुळे फुलावर सोडून दिले, कारण अंधारून येताना लाल आधी विझतो आणि पांढरा शेवटपर्यंत थांबतो. वैशाखात काहीच जगायचं नाही, तेव्हा त्या भिंतीलाच हात घालायच्या. चुन्यात नीळ जरा जास्त घालून भिंत रंगवायची आणि वाळवणं तिच्यासमोर मांडायची. मिरच्या इथे, कुरड्या तिथे. सासूबाईंचा जीव मेटाकुटीला यायचा. "मिरच्या वाळून राह्यल्या का तुह्यी नक्षी वाळून राह्यली व?" त्या ओरडायच्या, आणि ताई गेल्या की मिरच्यांखालचं चवाळं त्यांना सोयीचं तिथे ओढायच्या, आणि ताई आल्या की परत. नागपूरहून माझे वडील एकदा मेच्या उन्हात आले, त्या निळ्या भिंतीपुढच्या लाल मिरच्या बघून म्हणाले, तुझ्या घरी बाग फार छान आहे. मी त्यांचा समज तसाच राहू दिला.

पुढे ब्याऐंशीच्या सुमारास काचबिंदूनं आबांची दृष्टी गेली. सूत ते हाताच्या अंदाजानं काढत राहिले. ओसरीवरची जागा तीच, वेळही तीच. एक दिवस ताई चहा घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "आज काय आहे?" ताईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी तोंड परसाकडे वळवलं तेव्हा कळलं. ताईंनी सांगितलं, तुरीले फूल आलं, पिवळं, पाठीमागून तांबडी रेघ आहे. त्या दिवसापासून हा नेम झाला. आबा विचारायचे आणि ताई सांगायच्या. आबांच्या चरख्यापुरती कपाशीची दोन-चार झाडं होती, त्यांचं फूल काल पिवळसर होतं ते आज गुलाबी झालं, हेही सांगायच्या. घाई नाही, शाळेला उशीर झाला तरी नाही. ज्या घरात रंग हा शब्द निघत नव्हता, तिथे दिवस त्यानंच सुरू व्हायला लागला. हे, म्हणजे माझे यजमान, तेही त्यापायी चहाला थांबायचे, पेपर आड धरून.

शेवटच्या हिवाळ्यात आबा खोलीतून बाहेर येईनासे झाले. ताई खाटेवर बसून सांगत होत्या, जवस उघडला आहे, मोहरी औंदा जरा फिकी आहे. मी औषध घेऊन उभी होते. आबांनी मध्येच थांबवलं. "विमल, म्या तुले नागपुरले पाठवाले पाह्यजे होतं." इतक्या वर्षांत हा विषय पहिल्यांदा निघाला होता. ताईंनी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाल्या, "मंग इथं नुसते वांगेच असते, आबा." आबा हसले. त्यांना ठसका लागेपर्यंत हसले. मला माहीत आहे की त्या उत्तरात जितकी माया होती तितकंच गमावलेलंही होतं, पण त्यांनी ते बापाच्या उशाशी ठेवलं नाही. आणि स्वार्थानं बघायचं तर त्या नागपूरला गेल्या असत्या तर मला काय मिळालं असतं? मला बघायला कोणी शिकवलं असतं? परक्या घरात रुजायला मला त्या परसानंच जागा दिली, आणि ते परस त्यांचं होतं. हे त्या असताना मी त्यांना सांगितलं होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. त्या म्हणायच्या, "पुरे कर, पालक निवड."

आबांच्या मागे ताईंनी नेम मोडला नाही. सकाळी चहाच्या वेळी, कोणी विचारो न विचारो, त्या आज काय आहे ते सांगायच्या. त्या गेल्यापासून आमचा चहा मुकाट्यानं होतो. हे पेपर वाचतात, मी कप विसळते. आपल्या बहिणीबद्दल यांनी अजून एक शब्द काढलेला नाही, आणि मी छेडलंही नाही. आज सकाळी मी पाणी आणायला मागे गेले होते. परत येऊन चहा गाळताना सवयीनं म्हणावं तसं म्हणून गेले, "जवस उघडलाय." यांनी पेपर खाली ठेवला. कप तसाच घेऊन ते मागच्या ओसरीवर गेले. मी हाक मारली नाही. कचेरीची वेळ झाली, टळून गेली. फुलं गळेपर्यंत ते तिथेच बसून होते.